शंभर प्रतिज्ञापत्रं आणि चाळीस पोरं

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात राहतो. वय ३८. चौदा वर्षं एकाच पक्षाचं काम करतोय, गेली पाच वर्षं तालुका सरचिटणीस आहे. पक्षाचं नाव लिहीत नाही. सतरंज्या उचलण्यापासून बूथवर रात्र काढण्यापर्यंत सगळं केलं. गेल्या विधानसभेला अर्ज भरायच्या अकरा दिवस आधी पक्षात आलेल्या माणसाला एबी फॉर्म मिळाला आणि त्याच्याच प्रचाराच्या गाडीत मला पुढच्या सीटवर बसवलं. गावोगाव लोक माझ्याकडे बघून हसत होते. आता आमची चाळीस पोरं म्हणतात, नवा पक्ष काढू. नाव ठरलंय, झेंड्याचे रंग ठरलेत, एकाने लोगोही करून आणलाय. चार-दोन जण म्हणतात, बाहेर पडून कुणाचं भलं झालंय, आत राहूनच पक्ष सुधारू. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून झोप येत नाही. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल, माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत.
— एक तालुका सरचिटणीस

उत्तर : बरं, अरे-तुरेच करतो.

आधी सल्ला देणाऱ्याची ओळख सांगतो, म्हणजे तो किती मनावर घ्यायचा ते तुला ठरवता येईल. १९६९ साली, विसाव्या वर्षी, मी संयुक्त समाजवादी पक्षाच्या जिल्हा कार्यालयात बसायला लागलो. सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढायची, पावतीपुस्तकांची अर्धुकं जपून ठेवायची, मुंबईहून कुणी आलं तर स्टँडवर न्यायला जायचं. १९७१ मध्ये आम्ही आणि प्रजासमाजवादी एक झालो, पाटीवर ‘समाजवादी पक्ष’ आलं. १९७७ मध्ये ‘जनता पक्ष’. १९८८ मध्ये ‘जनता दल’. १९९९ मध्ये दल फुटलं तेव्हा कंसात ‘सेक्युलर’ घालावं लागलं, आणि रंगारी म्हणाला, जागा उरली नाही, अक्षर बारीक करतो. या तीस वर्षांत माझं टेबल तेच, खुर्ची तीच, खालचा चहावालाही तोच. त्यामुळे कुणी ‘नवा पक्ष’ म्हटलं की मला आधी रंगाऱ्याचं बिल आठवतं.

आता तुझं पत्र. त्यात राग आहे आणि विचारही आहे, पण दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेत, ते आधी सोडव. अकरा दिवसांच्या पाहुण्याला उमेदवारी मिळाली याचा राग रास्त आहे. पण समजा तो फॉर्म तुलाच मिळाला असता, तर हे पत्र तू लिहिलं असतंस का? लगेच उत्तर देऊ नकोस. शेताच्या बांधावर बसून दे.

दुसरं. तू सरचिटणीस कसा झालास? गावात ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स लागला असेल. निवड म्हणजे मत आलं. तुला मत कुणी दिलं? जिल्हाध्यक्षांच्या लेटरहेडवर दोन ओळी आल्या असतील, त्यांचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला असेल आणि तू पेढे वाटले असशील. ती नेमणूक होती, बाबा. ज्या हाताने तुला नेमलं त्याच हाताने अकरा दिवसांच्या माणसाला उमेदवारी दिली. पहिल्या वेळी आपल्याला तो हात दिसला नाही, एवढंच. मलाही दिसला नव्हता, म्हणून टोमणा समजू नकोस.

‘आत राहून सुधारू’ म्हणणाऱ्या तुझ्या मित्रांना माझा एकच प्रश्न आहे : तालुक्यातल्या सभासदांचं रजिस्टर तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? नावं किती, त्यातले हयात किती, पावतीचे पैसे खरंच किती जणांनी दिले? ते रजिस्टर नसेल तर सुधारायचं काय आणि कुणाच्या मतावर? पक्षांतर्गत सुधारणा म्हणजे वरिष्ठांना भेटून निवेदन देणं आणि त्यांच्यासोबत फोटो काढणं असं आपण धरून चाललोय. पक्षाची नोंदणी करताना निवडणूक आयोगाला लिहून द्यावं लागतं की पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका ठरावीक मुदतीत होतील, जास्तीत जास्त पाच वर्षांनी. कागद सगळ्यांचेच चोख आहेत. पण ते पाळले नाहीत म्हणून आयोग नोंदणी रद्द करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे पक्षातली लोकशाही मागायची तर ती सभासदानेच मागायची, दुसरं कुणी येणार नाही. तू चौदा वर्षांत एकदा तरी लेखी मागितलीस का?

आत राहून पाहणाऱ्यांची आपल्याकडची मोठी गोष्ट आमच्याच घराण्यातली आहे. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे ही मंडळी एकत्र सापडली आणि काँग्रेसच्या आतच एक समाजवादी पक्ष काढायचं घाटलं. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष झाला. चौदा वर्षं हे लोक काँग्रेसचे सभासद राहून काँग्रेसशी भांडले. त्यांच्या भांडण्याने काँग्रेस काही बाबतीत बदललीही. १९४८ मध्ये पक्षात पक्ष चालणार नाही असं ठरलं, आणि त्याच नाशकात भरलेल्या अधिवेशनात त्यांनी बाहेर पडायचा निर्णय घेतला. आमच्या जुन्या लोकांना खात्री होती की देश आता आपल्या मागे येणार. पहिली लोकसभा निवडणूक झाली. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा १२. कम्युनिस्टांना मतं सव्वातीन टक्के आणि जागा १६. हे आकडे मला कार्यालयातल्या एका म्हाताऱ्या चिटणीसाने पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावले होते. म्हणायचा, ‘‘आपण सगळ्या देशात शिंपडलो, त्यांनी चार वाफ्यांत पाणी सोडलं.’’

तुझ्या चाळीस पोरांच्या नकाशावर वाफे किती आहेत ते बघ. पत्रात तू नाव, रंग, लोगो सांगितलेस. एकाही गावाचं नाव सांगितलं नाहीस.

पण महाराष्ट्रात तुझ्या प्रश्नाचं याहून जवळचं उदाहरण आहे, आणि ते तुझ्या जिल्ह्यात येऊन थांबतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये अस्वस्थ होते. बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये आणण्यात जेध्यांचा वाटा किती मोठा, ते वेगळं सांगायला नको. आता तीच काँग्रेस शेतकऱ्या-कामकऱ्यांची राहिली नाही असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आधी काँग्रेसमध्येच गट बांधला. पक्षात वेगळा गट चालणार नाही म्हटल्यावर १९४७-४८ मध्ये ते बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, उभा राहिला. यशवंतराव चव्हाण या मंडळींच्या जवळचे, विचारही पुष्कळसे जुळणारे. ते मात्र आतच थांबले.

पुढे काय झालं ते क्रमाने बघ. १९५४ मध्ये खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव १९५६ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १ एप्रिल १९५७, कूळकायद्यातला कृषक दिन, त्यांच्याच कारकिर्दीत आला. कसेल त्याची जमीन ही घोषणा बाहेर पडलेल्यांनी गावोगाव दिली होती. सातबारावर नाव लावायची पाळी आली तेव्हा खुर्चीवर आत थांबलेला माणूस होता. यावरून ‘थांबणं शहाणपणाचं’ असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात, विशेषतः ज्यांना थांबल्याने काही मिळालंय ते. मला तसं वाटत नाही. बाहेर शेकापचा लाल बावटा फडकत नसता तर आतल्यांनी एवढी घाई केली असती, असं मी मानत नाही. बाहेर पडणाऱ्याचं काम झालं, पण श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढलं. हे तुला चालेल का? चाळीसही जणांना एकेकटं गाठून विचार. मांडी ठोकून ‘चालेल’ म्हणणारे किती निघतात ते मला कळव.

आणि तिसरा माणूस सांगोल्याचा. गणपतराव देशमुख. त्यांचा पक्ष, शेकाप, राज्यभर झिजत गेला तरी त्यांनी सोडला नाही. १९६२ पासून अकरा वेळा आमदार. १९७२ आणि १९९५ मध्ये पडले, पुन्हा त्याच पक्षाकडून उभे राहिले. लोक म्हणतात, सांगोल्यात मत पक्षाला नव्हतं, आबांना होतं. मला हे अर्धंच खरं वाटतं. २०२१ मध्ये ते गेले आणि २०२४ मध्ये सांगोल्यातून पुन्हा शेकापचाच आमदार झाला, त्यांचा नातू. घराणं आहेच, नाही म्हणत नाही. पण नुसत्या आडनावावर बूथ चालत नाही. गावागावांत कुणीतरी ते रजिस्टर ठेवलं होतं. तुला जायला तासाभराचं अंतर असेल. जाऊन बस तिथल्या एखाद्या जुन्या माणसाजवळ.

मग महाराष्ट्रात नवे पक्ष यशस्वी झालेच नाहीत का? झाले की. १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस जून महिन्यात निघाली आणि त्याच वर्षी विधानसभेत ५८ आमदार घेऊन बसली. ज्या काँग्रेसमधून निघाली तिचे ७५. आणि लगेच दोघांनी मिळून सरकार केलं. पण त्याला नवा पक्ष म्हणताना मला जरा अडखळायला होतं. कारखाने, जिल्हा बँका, सोसायट्या, जिल्हा परिषदांचे गट आधीच उभे होते. ते घर तसंच होतं, दारावरची पाटी बदलली. (पाट्यांमधलं मला कळतं.) मनसे २००६ मध्ये निघाली, २००९ मध्ये १३ आमदार आले, २०१४ मध्ये एक. सभांना गर्दी तेव्हाही होती. दिल्लीत आम आदमी पक्ष नोव्हेंबर २०१२ मध्ये स्थापन झाला आणि वर्षभरात २८ आमदार, फेब्रुवारी २०१५ मध्ये सत्तरातले ६७. पण एप्रिल सरेतो योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना पक्षाबाहेर काढलंही होतं. त्यांची तक्रार काय होती? पक्षांतर्गत लोकशाही. नव्या पक्षाला जुना रोग जडायला किती दिवस लागतात, ते मोज.

आता कागदपत्रांचं, कारण मी अखेर कार्यालयातला माणूस. लोगो करून आणणाऱ्या त्या मुलाला हे वाचून दाखव. पक्ष स्थापन केल्यापासून तीस दिवसांत दिल्लीला निवडणूक आयोगाच्या सचिवांच्या नावे अर्ज करावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २९-अ कलम. दहा हजारांचा डिमांड ड्राफ्ट. पक्षाची घटना, पानापानावर सह्या. दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दोन दिवस जाहीर सूचना, आणि हा खर्च ड्राफ्टपेक्षा जड जातो. हे सगळं पैशाने होतं. पैशाने होत नाही ते पुढचं : किमान शंभर सभासद, नोंदणीकृत मतदार असलेले, आणि त्या प्रत्येकाने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं की मी दुसऱ्या कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचा सभासद नाही.

तुझे चाळीस आहेत. अजून साठ लागतील, ते आणशील. पण या चाळिसांपैकी कुणाचा चुलता कारखान्यावर आहे, कुणाची बायको पक्षाच्या मेहेरबानीने अंगणवाडीत लागलीय, कुणाचं रस्त्याच्या कामाचं बिल अडकलंय. रात्री ढाब्यावर सगळे तुझ्याबरोबर असतात. नोटरीसमोर सही करताना बॉलपेन चालत नाही म्हणणारा पहिला कोण निघतो ते बघ. मी हे गमतीने लिहीत नाही. आमच्या गावात नव्वदच्या दशकात आम्ही काही जणांनी नगरपालिकेला आघाडी केली होती, पक्षाच्या लोकांना कंटाळून. पुढाकार माझा, म्हणून चूकही माझीच. सतरा उमेदवार उभे केले आणि चिन्हांचा विचारच केला नाही. कुणाला कपबशी, कुणाला शिलाई मशीन, कुणाला पतंग, कुणाला छत्री. पत्रकावर सतरा चित्रं, एखाद्या भांड्यांच्या दुकानाची जाहिरात वाटावी तसं. मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीतली एक आजी मोठ्या आनंदाने सांगत आली, ‘‘दिलं बाई कपबशीला.’’ आमच्या वॉर्डात कपबशी विरोधकाची होती. तो आजीच्या घरी कधी फिरकलाही नव्हता.

चिन्हाची गोष्ट लहान वाटते. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचा उमेदवार ३२ हजारांवर मतांनी पडला आणि ज्याला लोक पिपाणी म्हणतात ते चिन्ह मिळालेल्या अपक्षाने ३७ हजार मतं घेतली. तिथे तर चिन्हामागे शरद पवारांसारखा माणूस होता. नव्या नोंदणीकृत पक्षाला राखीव चिन्ह नसतं. सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह हवं तर विधानसभेच्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात, आपल्या २८८ मध्ये पंधराएक. तुला एका तालुक्यात लढायचंय.

आमच्या आघाडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सतरातले चार निवडून आले. दीड वर्षात चारातले तीन सत्ताधाऱ्यांकडे गेले. कायद्यानेही काही करता येईना. उरलेला एक माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘आता आघाडी म्हणजे मीच का?’’

तेव्हा माझं मत विचारशील तर नवा पक्ष आत्ता काढू नकोस. आणि ‘आत राहून सुधारू’ हेही तोंडाने म्हणू नकोस. जिल्हाध्यक्षांना रजिस्टर पोस्टाने पत्र टाक, पोचपावती जपून ठेव. तालुक्याची सभासद यादी माग आणि घटनेप्रमाणे तालुकाध्यक्षपदाची निवडणूक माग, तारखेसकट. स्वतः उभा राहा, नेमणूक देऊ केली तर घेऊ नकोस. ती देऊ करतील, अगदी जिल्हा उपाध्यक्ष वगैरे. तिथेच तुझी खरी परीक्षा आहे, उमेदवारीच्या वेळी नव्हती. सहा महिने वाट बघ. त्या सहा महिन्यांत तुझ्या गटातली सोसायटीची किंवा बाजार समितीची निवडणूक लागली तर पॅनेल करून लढ. तिथे पक्षचिन्ह नसतं, त्यामुळे कोण कोणाचं आहे ते स्वच्छ कळतं. मतदार यादी घेऊन घरोघर कोण फिरतो, ऊन लागलं म्हणून कोण परत जातो, ते वहीत लिहून ठेव. पत्राला उत्तर आलं नाही आणि वहीत शंभर नावं झाली, तर मला कळव. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी फुकट करून देईन, अक्षर अजून बरं आहे माझं.

वही अकरा नावांवर थांबली तरी कळव.


प्रश्न : मी एका गावची सरपंच आहे. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं कोण कुणाचं ते. आमच्या पक्षाच्या तालुका बैठकीत मी पक्षाची घटना वाचायला मागितली. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘‘ताई, ती दिल्लीत असते.’’ खरंच असते का?
— एक सरपंच, जिल्हा नाशिक

उत्तर : ताई, असते. पण निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही असते, आणि तुमच्या ग्रामपंचायतीच्या संगणकावर दिसते. मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना तिथे ठेवलेल्या आहेत. इंग्रजीत असली तर कॉलेजात जाणारी एखादी मुलगी शेजारी बसवा. सभासद कोण, कार्यकारिणी कोण निवडतो, मुदत किती आणि ‘राष्ट्रीय अध्यक्षांना वाटल्यास’ हे शब्द कुठे कुठे येतात, एवढंच पहिल्यांदा वाचा. चौथ्याची यादी सगळ्यात लांब होईल.

तुमच्या अध्यक्षांना हसू आलं, पण हा कागद किती महागात पडतो ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. शिवसेनेचा वाद आयोगापुढे गेला तेव्हा १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात आयोगाने घटनेचा निकष बाजूला ठेवला आणि आमदार-खासदार कुणाकडे किती ते मोजलं. नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला गेलं. पुढे अपात्रतेच्या निर्णयात विधानसभा अध्यक्षांनी १९९९ ची घटना धरली, कारण २०१८ ची दुरुस्ती आयोगाच्या दप्तरी नव्हती. त्या निकालांवर तुमचं-माझं मत काहीही असो. लाखो शिवसैनिकांना मोजायची वेळच आली नाही, कारण त्यांना मोजायची रीत कागदावर धड नव्हती.

घटना वाचून झाली की छापील प्रत काढून पुढच्या बैठकीला घेऊन जा. काही बोलू नका, टेबलावर नुसती ठेवा. आमच्याकडे १९८० च्या सुमाराला एका बाईंनी असंच केलं होतं. बैठक नेहमीपेक्षा पाऊण तास लवकर संपली.


प्रश्न : रिपब्लिकन पक्षाचं ऐक्य आमच्या हयातीत होईल का? की नवी पिढी नवाच पक्ष काढेल?
— एक निवृत्त शिक्षक, अमरावती

उत्तर : गुरुजी, तुमच्याच अमरावतीने एकदा ते पाहिलंय. १९९८ च्या लोकसभेला अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चौघे निवडून गेले, चारही खुल्या मतदारसंघांतून. काँग्रेसशी समझोता होता हे खरं, पण गट एकत्र आल्यामुळेच समझोता करायला बसता आलं. पुढल्या वर्षी चार दिशांना चौघे.

बाबासाहेबांनी स्वतः दोनदा पक्ष काढला, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, आणि तिसऱ्याचा आराखडा मांडून ते गेले. तो रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. म्हणजे काळाप्रमाणे पक्ष मोडून नवा बांधायला ते कचरले नाहीत. त्यांच्या मागे ऐक्याचे प्रयत्न बहुतेक नेत्यांच्या बैठकीत झाले, वस्तीत नाही. हयातीचं विचाराल तर तुम्ही माझ्याहून तरुण असाल, आशा धरायला हरकत नाही. मी धरत नाही.


प्रश्न : दुसऱ्यांना सल्ले देता, मग तुम्ही स्वतः इतक्या फाटाफुटींत बाहेर का पडला नाहीत? की जायला जागा नव्हती?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जायला जागा होती, बोलावणंही आलं होतं, दोनदा. एकदा महामंडळाचं सांगत होते.

खरं कारण जरा ओशाळवाणं आहे. कार्यालयाची किल्ली माझ्याकडे होती. सकाळी दहाला मी ती लावली नाही तर ते उघडत नसे. आत काय होतं? दोन कपाटं, जुन्या मतदार याद्या, १९७७ च्या सभांच्या पावत्या, एक मोडका लाऊडस्पीकर. पण रेशनकार्डावरचं नाव कमी झालेली बाई, पीकविम्याचा कागद कळत नसलेला म्हातारा, अशी माणसं जिना चढून यायची आणि पाटी वाचायची नाहीत. वाचली असती तरी पाचांपैकी कुठलं नाव खरं ते त्यांना काय ठाऊक. मी दुसरीकडे गेलो असतो तर तिथेही कुणीतरी किल्ली सांभाळत असणारच. मग मी काय केलं असतं, मिरवलो असतो.

गेल्या पावसाळ्यात जागामालकाने भिंत ओलावते म्हणून पाटी उतरवून दिली. सध्या ती माझ्या घरी, गॅलरीत उभी आहे. उन्हाने वरचा रंग पोपडे धरून सुटतोय आणि ‘दल’च्या खालून ‘पक्ष’ दिसायला लागलाय. नातू परवा नखाने खरवडत होता. मी त्याला थांबवलं नाही. मालकाचा काल फोन आला होता, भिंत वाळली म्हणाला, पाटी कधी आणताय, आणि आता तिच्यावर काय लिहायचंय.